डब्यात गेलेला डबा

९ सप्टेंबर १९९९. आकड्यांत लिहिली की ९-९-९९. अमेरिकेत आपला नवा गेम कन्सोल आणायला सेगा कंपनीने हा मुहूर्त पंचांग न बघताच काढला होता, आणि तो लागलाही. पहिल्या चोवीस तासांत २,२५,१३२ ड्रीमकास्ट विकले गेले. यंत्र, खेळ आणि जोडसामान मिळून एका दिवसाचा गल्ला ९ कोटी ८४ लाख डॉलर झाला. किंमत १९९ डॉलर, सोबतीला पहिल्याच दिवशी अठरा खेळ, आणि त्यात ‘सोलकॅलिबर’सारखा खेळ, जो घरच्या टीव्हीवर आर्केडमधल्या मूळ खेळापेक्षाही देखणा दिसत होता.

त्यानंतर सतरा महिनेही पुरे व्हायच्या आत, ३१ जानेवारी २००१ रोजी, सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. नुसतं एवढंच नाही. यापुढे कंपनी कन्सोल बनवणारच नाही, फक्त खेळ बनवेल आणि तेही कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांसाठी, असंही सांगितलं. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये सेगाचा पहिला घरगुती कन्सोल विक्रीला आला होता. योगायोग असा की निन्टेंडोचा फॅमिकॉमही त्याच दिवशी आला. तेव्हापासून चाललेला सामना साडेसतरा वर्षांनी असा संपला. सिनेमा पडला की तो डब्यात गेला, असं आपण म्हणतो. इथे डबाच डब्यात गेला.

आज जुन्या कन्सोलच्या शौकिनांमध्ये ड्रीमकास्टचं नाव निघालं की सूर एकदम हळवा होतो. यंत्र काळाच्या पुढे होतं, सोनीच्या जाहिरातबाजीने त्याला मारलं, चोरीच्या सीड्यांनी मारलं, लोकांना कळलंच नाही. या प्रत्येक म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण सेगाची आधीची पाच वर्षं नीट पाहिली तर ड्रीमकास्ट दुकानात यायच्या आधीच बराचसा हरलेला होता, असंच म्हणावं लागतं. त्याला नडली ती कंपनीची बाजारातली पत.

त्यासाठी या धंद्याचं गणित आधी समजून घ्यायला हवं. घरचा प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाई मात्र महाग पडते, त्यातलाच हा प्रकार. कन्सोल बहुतेक वेळा जेमतेम खर्च निघेल अशा किमतीला, कधी चक्क तोट्यात विकला जातो. कमाई असते खेळांवर. बाहेरच्या कंपन्यांनी त्या यंत्रासाठी खेळ काढले की प्रत्येक प्रतीमागे यंत्राच्या मालकाला ठरावीक रक्कम मिळते. म्हणजे यंत्र घेणारं गिऱ्हाईक हवं, खेळ लिहिणारी कंपनी हवी आणि दोघांच्या मधला दुकानदारही हवा. यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून पैसे टाकतो. खेळ नाहीत म्हणून गिऱ्हाईक थांबतं आणि गिऱ्हाईक नाही म्हणून खेळ येत नाहीत. हे चक्र ज्याच्या बाजूने फिरलं तो तरला. ते फिरतं भरवशावर, आणि हा भरवसा कुठल्याही चिपमध्ये बसवून देता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेगाकडे असा भरवसा भरपूर होता. अमेरिकेत टॉम कॅलिन्स्के यांनी कंपनीची सूत्रं हाती घेतली, मेगा ड्राइव्ह या कन्सोलची किंमत उतरवली (तिकडे त्याचं नाव जेनेसिस), १९९१ साली आलेला ‘सॉनिक’ थेट डब्यासोबत देऊन टाकला आणि निन्टेंडोची टर उडवणाऱ्या जाहिरातींचा धडाका लावला. सेगाचा निळा साळू निन्टेंडोच्या मिशाळ प्लंबरच्या, म्हणजे मारिओच्या, बरोबरीने पळू लागला. मग त्याच मेगा ड्राइव्हला जोडायची एक सीडी-पेटी आली. १९९४ च्या शेवटी ‘३२एक्स’ नावाचं आणखी एक जोडयंत्र आलं. ज्या पालकांनी नाताळात ते विकत घेतलं, त्यांना काही महिन्यांतच कळलं की कंपनीचा खरा जीव आता सॅटर्न नावाच्या वेगळ्याच यंत्रात आहे. मुलाच्या हट्टापायी दोनदा फसलेला बाप तिसऱ्यांदा खिशात हात घालताना विचार करतो.

आणि मग आला ११ मे १९९५ हा दिवस. या धंद्यातल्या चुकांचा इतिहास लिहायचा तर त्याला स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. लॉस एंजेलिसमध्ये ‘ई३’ हे व्यापारी प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. सॅटर्न २ सप्टेंबरला येणार, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. सोनीचा प्लेस्टेशनही सप्टेंबरातच यायचा होता. त्याच्या आधी मैदान मारावं म्हणून जपानमधल्या वरिष्ठांनी तारीख चार महिने अलीकडे ओढली, आणि कॅलिन्स्के यांनी व्यासपीठावरून घोषणा केली की सॅटर्न आजच दुकानांत पोहोचला आहे, किंमत ३९९ डॉलर. सभागृह चकित झालं खरं, पण त्या चकित होण्यात आनंद फारसा नव्हता. तयार यंत्रं होती फक्त तीस हजारांच्या आसपास, आणि ती चार निवडक साखळी-दुकानांनाच दिलेली. ज्यांना वगळलं ते दुकानदार भडकले. खेळण्यांच्या एका मोठ्या साखळीने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या कंपन्या आपले खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने लिहीत होत्या, त्यामुळे यंत्र बाजारात आणि खेळ अजून वाटेवर.

त्याच दिवशी काही वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले. माइकपाशी जाऊन ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शंभर डॉलरचा फरक समजावून सांगायला भाषण लागत नाही.

पुढचं सगळं या दिवसाचं व्याज आहे. सॅटर्नमध्ये दोन प्रोसेसर एकत्र राबवायचे असत आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे दोन अडेल बैल एका औताला जुंपण्यासारखं होतं. प्लेस्टेशनवर काम करणं त्या मानाने सोपं होतं. जगभरात सॅटर्न विकले गेले सुमारे ९२ लाख, तर प्लेस्टेशन १० कोटी २० लाखांच्या वर. भरीस भर म्हणून १९९७ साली सेगा अमेरिकेचे बर्नी स्टोलर यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की सॅटर्न हे आमचं भविष्य नव्हे. बोलणं प्रामाणिक होतं. पण ज्याने कालच ते यंत्र घेतलं, त्याला काय वाटलं असेल?

या सगळ्या पार्श्वभूमीवर ड्रीमकास्ट आला, आणि मान्य करायला हवं की यंत्र खरोखर फर्मास होतं. सेगाने आधीच्या चुका मोजून सुधारल्या होत्या. आतली रचना सोपी होती, किंमत बेताची होती. त्यात मोडेम बसवूनच दिला होता. ज्या काळात घराघरात इंटरनेट नव्हतं, त्या काळात फोनची तार लावून परगावच्या माणसाशी खेळायची सोय. डिसेंबर २००० मध्ये जपानात आलेला ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा कन्सोलवरच्या ऑनलाइन खेळांचा पाया मानला जातो. कंट्रोलरमध्ये खोचायचं मेमरी कार्ड होतं, त्याला स्वतःचा इवलासा पडदा आणि बटणं, म्हणजे ते बाहेर काढून खिशातही खेळता यायचं. (त्यातल्या चपट्या बॅटऱ्या भरभर संपायच्या आणि मग यंत्र सुरू केलं की ते कार्ड चिरकायचं. या आवाजाबद्दलही आज लोक प्रेमाने बोलतात. तेव्हा शिव्या देत असावेत.)

नडलं काय? सर्वांत आधी, एक मोठा पाहुणा लग्नाला आलाच नाही. अमेरिकेत खेळांची सगळ्यात भारी कंपनी होती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. अमेरिकन फुटबॉलचा तिचा ‘मॅडन’ ज्या यंत्रावर नाही ते यंत्र अमेरिकन पोरं हातात धरत नसत. स्टोलर यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी की ड्रीमकास्टवर क्रीडाप्रकारांचे खेळ फक्त आपलेच असावेत, अशी त्या कंपनीची अट होती. सेगाने नुकताच व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ विकत घेतला होता, त्यामुळे अट मान्य होणं शक्य नव्हतं. सेगाने आपले ‘२के’ मालिकेचे खेळ काढले, ते चांगलेही निघाले, पण ‘मॅडन’ची जागा रिकामी ती रिकामीच राहिली. यातला पुढचा भाग नियतीने लिहिल्यासारखा आहे. २००५ साली सेगाने व्हिज्युअल कन्सेप्ट्स हा स्टुडिओ टेक-टू कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलरला विकला. ड्रीमकास्टवर जन्मलेला ‘एनबीए २के’ आज बास्केटबॉलच्या खेळांचा निर्विवाद राजा आहे, आणि सेगाला त्यातला छदामही मिळत नाही.

दुसरा घाव सोनीने घातला, तोही यंत्र हातात येण्याआधी. मार्च २००० मध्ये जपानात प्लेस्टेशन २ आला, ऑक्टोबरात अमेरिकेत. तो डीव्हीडी चालवायचा. त्या काळी नुसता डीव्हीडी प्लेअरही महाग होता. इथे तर एकाच पैशात सिनेमाही आणि खेळही. ‘पोराचं खेळणं’ आणि ‘घरातलं यंत्र’ यांत बापाच्या पाकिटाला जो फरक कळतो, तो सोनीने नेमका पकडला. ड्रीमकास्टमध्ये होती सेगाची स्वतःची जीडी-रॉम, साधारण एक गिगाबाइट मावणारी. ती डीव्हीडी परवाना टाळून पैसे वाचवायला आणि चोरी रोखायला काढलेली. पैसे वाचले, सिनेमा गेला. प्लेस्टेशन २ वरचे सुरुवातीचे खेळ काही फार थोर नव्हते, तरीही लोक थांबले. सॅटर्नने हात पोळलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा सेगावर डाव लावायला तयार नव्हतं, आणि बाजारातली पत गेल्याने नेमकं काय झालं ते इथे दिसतं.

चोरीच्या सीड्यांचं कारण हिरिरीने सांगितलं जातं. २००० साली ड्रीमकास्टच्या कुलपातली फट सापडली आणि साध्या सीडीवर उतरवलेले खेळ यंत्रात काहीही फेरफार न करता चालू लागले, हे खरं. पण पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ काय कमी चोरले गेले? एक चिप डकवली की काम भागायचं. तरी तो दहा कोटींच्या वर विकला गेला. चोरी निरोगी धंद्याला सर्दीसारखी होते आणि अशक्ताला न्यूमोनियासारखी. सेगा आधीच अंथरुणावर होती. त्यात यू सुझुकी यांच्या ‘शेनम्यू’सारख्या खेळावर अफाट खर्च झालेला, त्यांनीच नंतर तो ४ कोटी ७० लाख डॉलर सांगितला. १९८६ च्या योकोसुका शहरात दुकानादुकानांतून हिंडायचा, खणाखणातल्या वस्तू उचलून बघायचा तो खेळ अजब सुंदर आहे. पण ड्रीमकास्ट एकूण विकले गेले ९१ लाख. तेवढ्या घरांत एवढा खर्च वसूल व्हायचा कसा?

शेवटची कहाणी मात्र कुठल्याही ताळेबंदात न मावणारी आहे. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनीला आधीही स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते. कर्करोगाने आजारी असताना त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि सेगा व सीएसके या कंपन्यांमधले आपले सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर किमतीचे शेअर सेगाला देऊन टाकले. कन्सोलच्या धंद्यातून बाहेर पडावं, असंच त्यांचं मत होतं. मार्च २००१ मध्ये ते गेले, त्याच महिन्यात ड्रीमकास्टचं उत्पादनही थांबलं. वर्ष संपायच्या आत सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर पळताना दिसला. नव्वदच्या दशकातल्या शाळकरी सेगाभक्ताला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने मारामारीच केली असती.

यंत्राची ताकद आणि धंद्यातलं यश यांचं जमतंच असं नाही, याची उलट बाजू निन्टेंडोच्या गेम बॉयमध्ये दिसते. १९८९ चा हा हातातला कन्सोल. पडदा हिरवट-करडा, रंग नाहीत, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला रंगीत पडदा घेऊन, आणि पुढे सेगाचा गेम गिअर. दोघेही दिसायला कितीतरी सरस. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत गिळायचा आणि गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. किंमत कमी, आपटला तरी चालू, आणि सोबत ‘टेट्रिस’. त्याचे जनक गुन्पेई योकोई यांचं सूत्रच असं होतं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते अनपेक्षित ठिकाणी वापरायचं. पुढच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉय ११ कोटी ८६ लाखांवर विकला गेला. आणि याच योकोईंचा १९९५ चा व्हर्च्युअल बॉय? डोळ्यांना लावून बघायचा, सगळं लालभडक दाखवणारा, मान आणि डोकं दुखवणारा तो प्रकार ७ लाख ७० हजारांवरच आटोपला. एकच माणूस, एकच कंपनी.

आपल्याकडच्या वाचकाला या लढाईतलं बरंचसं अनोळखी वाटेल, आणि त्यालाही बाजाराचंच कारण आहे. मेगा ड्राइव्ह भारतात अधिकृतपणे आला होता. एप्रिल १९९५ मध्ये, शॉ वॉलेसमार्फत. हो, मद्याच्या धंद्यासाठी ओळखली जाणारी तीच कंपनी. आयातीवर ८० टक्के कर होता आणि यंत्राची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळी एवढ्या पैशांत रंगीत टीव्ही यायचा. त्यामुळे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मराठी पोरांनी जो ‘व्हिडीओ गेम’ खेळला, तो बहुधा फॅमिकॉमची नक्कल असायचा. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणायचं, कंट्रोलरला ‘रिमोट’. एका कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ लिहिलेलं असायचं आणि आत तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. चालली नाही की कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची. (फुंकरीने काहीच होत नसे, उलट ओलाव्याने धातूच्या पट्ट्या खराब होत, चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे.) ‘काँट्रा’ आणि ‘मारिओ’ या पिढीला तोंडपाठ आहेत, पण ज्या निन्टेंडोने मारिओ काढला तिला यातून एक पैसाही गेला नाही. शाई फुकट मिळत असेल तर प्रिंटर कोण स्वस्तात विकणार?

तसाच भरमसाट आयात कर ब्राझीलमध्येही होता. तिथे मात्र टेकटॉय या स्थानिक कंपनीने सेगाचा परवाना घेऊन यंत्रं देशातच बनवली. खेळ पोर्तुगीजमध्ये आणले. एवढ्यावर न थांबता जपानी खेळातला नायक काढून त्याजागी मोनिका ही तिथल्या चित्रकथांमधली लाडकी, दांडगट मुलगी बसवली. बाकी जगाने मास्टर सिस्टीम हा कन्सोल केव्हाच विसरून टाकला, तरी ब्राझीलमध्ये त्याच्या नवनव्या आवृत्त्या दशकानुदशकं विकल्या जात राहिल्या आणि आकडा ८० लाखांपर्यंत गेला. आपल्याकडे असं काही घडायला २००९ उजाडावं लागलं. तोवर म्हाताऱ्या झालेल्या प्लेस्टेशन २ वर सोनीने भारतीय खेळ आणले. हैदराबादेत बनलेला हनुमानावरचा खेळ आला, मुंबईच्या ट्राइन स्टुडिओचा गल्ली क्रिकेटचा खेळ आला. नव्या यंत्रांच्या जमान्यात जुनं यंत्र स्वस्तात विकण्याची ही चाल होती, आणि प्लेस्टेशन २ ला ती शोभली. त्याचं उत्पादन २०१३ च्या उंबरठ्यावर थांबलं, तोवर १५ कोटींहून अधिक यंत्रं खपली होती.

आता जुन्या यंत्रांचाच धंदा झाला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोने आपल्या जुन्या कन्सोलची मुठीएवढी प्रतिकृती काढली, तीस खेळ आत भरलेले, किंमत ६० डॉलर. काही महिन्यांत २३ लाख खपली. लोक आणखी मागत असताना कंपनीने ती बंद केली आणि ओरड झाल्यावर जून २०१८ मध्ये परत आणली. त्या महिन्यात अमेरिकेत नगांच्या हिशेबात या प्रतिकृतीने प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विच या तिन्ही ताज्या यंत्रांना मागे टाकलं. हे बघून सोनीनेही त्याच वर्षी डिसेंबरात १०० डॉलरचा प्लेस्टेशन क्लासिक आणला. आत वीस खेळ, पण लोकांना ज्यांची आठवण येते त्यातले ‘ग्रान तुरिस्मो’, ‘टूम रेडर’, ‘क्रॅश बँडिकूट’ गायब. काही खेळ युरोपच्या जुन्या टीव्हींसाठीच्या संथ आवृत्तीतले. काही महिन्यांत दुकानांनी तो निम्म्याहून कमी किमतीला काढला. दहा कोटी घरांतल्या आठवणी हाताशी असूनही हे झालं. उलट २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनीचं काम सेगाने जुन्या खेळांचं नव्या यंत्रांवर रूपांतर करण्यात मुरलेल्या एम२ या छोट्या जपानी कंपनीकडे सोपवलं, आणि त्याचं कौतुक झालं. हरलेल्या कंपनीने या एका फेरीत सोनीला धोबीपछाड दिली.

ड्रीमकास्टची मिनी आवृत्ती मात्र सेगाने काढलेली नाही. मूळ यंत्रं अजून हातोहाती फिरत असतात, हौशी मंडळी त्यांच्यासाठी नवे खेळही लिहितात. त्यांच्या आत वेळ लक्षात ठेवायला एक छोटी, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी कंट्रोलर-पोर्टच्या बोर्डला डाख देऊन बसवलेली असते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती बहुतेकांत मेलेली असते. असं यंत्र सुरू केलं की खेळाआधी ते तारीख विचारतं आणि उत्तर म्हणून स्वतःच एक तारीख पुढे करतं: २७ नोव्हेंबर १९९८. जपानच्या दुकानांत ड्रीमकास्ट पहिल्यांदा आला तो दिवस. मालक कंट्रोलरवर आकडे फिरवत वर्ष पुढे नेतो, ‘ओके’ दाबतो, मग चकतीची खरखर सुरू होते.